अक्काचे एकशे दहा मीटर

ते पत्र मी लिहिलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी उकरून काढायला नको.

"आमच्या जवळी बीदीत येणारं ऐंशी टक्के गिऱ्हाईक स्वतःच्या कारनं येतं. फुटपाथ रुंद करून गाड्यांची जागा काढली तर व्यापार बुडेल. सबब, फुटपाथ रद्द करून त्या जागी अठ्ठेचाळीस गाड्यांचं पार्किंग द्यावं." खाली सही माझी. विश्वासराव पतंगे, कार्यदर्शी, जवळी बीदी व्यापारी संघ.

ऐंशी टक्के हा आकडा कुठून आला? कुठूनही नाही. संघाच्या मीटिंगमध्ये कॉफी पिता पिता अध्यक्ष शेषगिरी म्हणाले, ऐंशी घाला. मी घातले. त्यांनी नव्वद म्हटलं असतं तर नव्वद घातले असते. वीस वर्षं मी त्या संघाचा चिटणीस, आणि चिटणिसाचं काम म्हणजे अध्यक्षांच्या तोंडातलं वाक्य कागदावर आणणं, अशी माझी समजूत होती.

जवळी बीदी म्हणजे कापडाची गल्ली. बेंगळूरच्या जुन्या पेठेत ती आहे. आमचं घराणं इथं साडेतीनशे वर्षं राहिलंय, असं घरात सांगतात. कागद मागाल तर माझ्याकडे नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि दोन्हीची इतकी सरमिसळ की पुण्याच्या माणसानं आमचं बोलणं ऐकलं तर तो आधी हसतो, मग विचारतो, तुम्ही नक्की कुठले? आम्ही इथलेच. कपडे शिवणारे. दुकानाचं नाव पतंगे टेलर्स. बायकांचे ब्लाऊज शिवतो.

मथुराक्का माझी थोरली बहीण. अडुसष्ट वर्षांची. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, एका घरातली शिलाई संपेना, दुसऱ्या घरातली कशाला घेऊ. चव्वेचाळीस वर्षं ती रोज घरून दुकानात चालत आली. कापायचं काम माझं. हूक, काज, हाताची तुरपाई, सगळं तिचं. तिच्या हाताची तुरपाई उलट्या बाजूनंसुद्धा दिसत नसे. बाया माप द्यायला माझ्याकडे यायच्या, पण बसायच्या तिच्याजवळ. घरातलं कुणाचं काय चाललंय ते सगळं तिच्या कानात ओतून मग उठायच्या.

दोन वर्षांपूर्वी ती पडली. दुकान चार पावलांवर होतं. फुटपाथवर गाड्या चढवलेल्या, म्हणून ती रस्त्यावर उतरली, आणि मागून आलेल्या स्कूटरचा हँडल तिला लागला. स्कूटरवाला थांबला नाही. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, लोखंड बसवलं, वॉकर आला, आणि अक्का घरात बसली. मी पिशवीत ब्लाऊज घालून घरी नेऊन देतो म्हटलं तर म्हणाली, नको. मी कारखाना नाही, मला माणसं लागतात. तेव्हापासून हूक लावायला मी वेगवेगळ्या तीन बायका ठेवल्या. एकीचंही काम मला पटलं नाही. पण ते दुय्यम. घरात एक माणूस दिवसेंदिवस बोलायचं कमी करत चाललंय, हे रोज बघत होतो.

मग गेल्या वर्षी पेठ-विकास कचेरीनं आमच्या बीदीचं काम काढलं. दोन टप्पे होते. पहिला आमच्या घराच्या बोळापासून मारुतीच्या देवळापर्यंत, दुसरा देवळापासून पुढच्या चौकापर्यंत. पहिल्या टप्प्यात फुटपाथ अडीच मीटर रुंद झाला. सपाट फरशी, कडेला उतार, गाडी चढू नये म्हणून दगडी खुंट. मी आयुष्यात पहिल्यांदा या शहरात असा फुटपाथ बघितला जिथं माणसाला खाली बघून चालावं लागत नाही.

अक्का बाहेर पडली. पहिल्या दिवशी दिव्याच्या खांबापर्यंत. आठ दिवसांनी वडापर्यंत. महिन्यानं मारुतीच्या पायरीपर्यंत. तिथं बसायची, वॉकर पुढ्यात, आणि आमच्या दुकानाच्या दिशेला बघत राहायची. देवळापासून दुकान एकशे दहा मीटर. ते दुसऱ्या टप्प्यात होते.

आणि त्या एकशे दहा मीटरांवरच आम्ही पत्र लिहिलं.

लाज वाटली नाही का? खरं सांगतो, त्या वेळी नाही वाटली. दुकानदाराला गिऱ्हाईक म्हटलं की कारमधून उतरणारी बाई डोळ्यांपुढं येते. एक बाई कारनं आली तर आठवडाभर तिची आठवण काढतो, आणि चालत आलेल्या चाळीस जणी धुळीसारख्या येऊन जातात. मीही तसलाच. बहिणीचं दुखणं घरात आणि संघाचं काम दुकानात, दोन्हींच्या मधे मी भिंत घातली होती.

कचेरीतून उत्तर आलं. तिथल्या इंजिनियर दिव्यश्री म्हणून कुणी बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं, ऐंशी टक्के कशावरून? मोजणी करून द्या, मग जनसुनावणी घेऊ. शेषगिरी हसले. मला म्हणाले, तुम्ही दिवसभर खिडकीपाशी बसता, तुम्हीच मोजा, आणि मोजताना डोकं वापरा.

डोकं वापरा म्हणजे काय ते मला कळत होतं. पण त्यांची एक चूक झाली. त्यांनी मोजायचं काम शिंप्याला दिलं.

पत्रात मी काय वाटेल ते लिहीन. भाषणात लिहून देईन. पण मापाच्या वहीत माझ्या हातून खोटं उतरत नाही. छाती छत्तीस असेल तर छत्तीसच लिहावी लागते. बाईला वाईट वाटेल म्हणून चौतीस लिहिली तर चार दिवसांनी ब्लाऊज तिच्या अंगात जात नाही आणि तो माझ्या तोंडावर परत येतो. त्यामुळं मोजणी मी मापाच्या वहीतच केली. दुसरी वही घेतली असती तर कदाचित हा सगळा प्रकार झालाच नसता.

सहा दिवस माझ्या आणि शेजारच्या चार दुकानांत येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारलं, अम्मा, कशा आलात? एकूण तीनशे सव्वीस. बस, मेट्रो, ऑटो, स्कूटर, चालत. कारनं आलेल्या एकोणीस. सहा टक्केसुद्धा नाहीत.

मग मला प्रश्न पडला, एकोणीसच जर आल्या तर बाहेर दिवसभर चव्वेचाळीस गाड्या उभ्या असतात त्या कुणाच्या?

कापडाचे दोन तुकडे जोडायच्या आधी आम्ही दोन्हींवरून एकच खडूची रेघ ओढतो. शिवताना ती रेघ जुळली म्हणजे तुकडा सरकला नाही. मी सकाळी साडेदहाला खडू घेऊन निघालो आणि प्रत्येक गाडीच्या टायरवरून खाली फरशीवर एकेक रेघ ओढली. संध्याकाळी सहाला परत गेलो. चव्वेचाळीसपैकी पस्तीस गाड्यांची रेघ तंतोतंत जुळत होती. सकाळपासून इंचभर हलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

गाड्या मी ओळखत होतो. पस्तीसच्या पस्तीस आमच्या संघाच्या लोकांच्या. मालक, मालकाचा भाऊ, मॅनेजर. सकाळी आणून लावायच्या, रात्री न्यायच्या. पांढरी मोठी गाडी शेषगिरींची, तिची तर चारही चाकं फुटपाथवर. आपणच गिऱ्हाइकाची जागा खाऊन बसायचं आणि वर सरकारला लिहायचं, आमच्या गिऱ्हाइकाला जागा नाही. बहिणीच्या पायाखालची फरशी काढून मागायची, ती कुणासाठी? स्वतःच्या बुडाला दहा मिनिटं चालायला लागू नये म्हणून.

आणि पस्तिसावी गाडी चंदेरी कव्हर घातलेली. ती आमची. म्हणजे माझ्या मुलाची, निहारची.

निहार बेळ्ळंदूरला आयटीत आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं गाडी घेतली. पेठेतल्या घराला गाडी ठेवायला जागा नसते. तेव्हा मीच म्हणालो होतो, दुकानापुढं लाव की, आपलीच बीदी. आता तो ऑफिसला जातो आठवड्यातून दोनदा, तेही मेट्रोनं आणि बसनं, कारण गाडीनं गेलं तर दोन तास लागतात. बाकीचे दिवस घरून काम. गाडी रविवारी निघते. तो आणि त्याचे मित्र इंदिरानगरला जेवायला जातात, तिथं लावायला जागा मिळत नाही म्हणून तासभर फिरतात आणि चिडून घरी येतात. या एका जेवणासाठी ती गाडी सहा दिवस माणसांच्या वाटेत झोपलेली असते.

त्या रात्री जेवताना निहारनं विचारलं. "अप्पा, तुम्ही माझ्या टायरवर खडू मारलात?"

मी म्हटलं, सगळ्यांच्याच मारला.

"हे फार एम्बॅरसिंग आहे. लोक मला फोटो पाठवतायत." मग म्हणाला, "गाडी ठेवू कुठं मग? डोक्यावर? तुम्हीच सांगितलं होतंत तिथं लाव म्हणून."

त्याचं खरं होतं. बायको श्यामला भात वाढत होती, तिनं डाव पातेल्यात तसाच ठेवला. पलीकडं अक्का ताटातला भात चिवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. घरात एक गोष्ट आम्ही चौघांनी दोन वर्षं न बोलता ठेवली होती, आणि त्या ताटांवर ती पाचव्या माणसासारखी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शेषगिरींना आकडे दाखवले. त्यांनी वही मिटली आणि माझ्यापुढं सरकवली. दुकानातल्या पोरांच्या गाड्याही गिऱ्हाइकांतच धरायच्या, असं काहीतरी म्हणाले. मग आवाज खाली आणला. "विश्वासराव, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

थोडं सांभाळून घ्या. या तीन शब्दांनी माझं शहर खाल्लं. ट्रान्सफॉर्मर फुटपाथवर आला, स्वल्प अ‍ॅडजस्ट. दुकानाची पायरी दोन फूट पुढं आली, स्वल्प अ‍ॅडजस्ट. गाडी चढली, स्वल्प अ‍ॅडजस्ट. आणि अ‍ॅडजस्ट करायचं कुणी? ज्याच्याकडे फक्त पाय आहेत त्यानं.

जनसुनावणी कल्याण मंटपात ठेवली होती. मंगल कार्यालय म्हणा. पहिल्या मजल्यावर. सव्वीस पायऱ्या, लिफ्ट नाही. खाली सगळी जागा गाड्यांना. चालण्याच्या वाटेवरची सुनावणी अशा जागी, जिथं चालू न शकणारा माणूस पोचूच शकत नाही. हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर निदान कुणीतरी विचार केला असं तरी म्हणता आलं असतं.

अक्काला मी ऑटोनं आणलं होतं. तिला वर नेता येईना. दोन गाड्यांच्या मधे खुर्ची टाकून बसवली आणि मी वर गेलो.

वर साठेक माणसं. टेबलामागं दिव्यश्री मॅडम, पस्तिशीच्या, चष्मा, पुढ्यात फाइल. शेषगिरींनी आधी भाषण केलं. व्यापार, परंपरा, पोट. टाळ्या पडल्या. मग म्हणाले, आमचे कार्यदर्शी मोजणी वाचून दाखवतील. त्यांना वाटलं असावं, शेवटी आपलाच माणूस आहे.

मी मापाची वही उघडली. तीनशे सव्वीस वाचले, एकोणीस वाचले. कुजबुज सुरू झाली. मग गाड्या वाचायला घेतल्या. सुरुवात स्वतःपासून केली.

"पहिली गाडी माझी. चंदेरी कव्हर. तीन दिवसांत हलली नाही. दोन वर्षांपूर्वी माझी बहीण याच गाडीला वळसा घालायला रस्त्यावर उतरली आणि पडली. आम्ही स्कूटरवाल्याला शिव्या देत राहिलो. गाडी तिथंच ठेवली."

निहार मागच्या रांगेत उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं वाचता आलं नसतं.

दुसरी गाडी शेषगिरींची वाचली. तिसरी, चौथी. सहाव्या नावाला लोक उठले. कुणी म्हणालं, याला कुणी पैसे चारले. कुणी म्हणालं, शिंप्यानं कातरीपुरतं बघावं. शेषगिरी हात वर करून सगळ्यांना बसवत होते आणि माझ्याकडे बघत म्हणाले, दोनशे दुकानांचा व्यापार एका बाजूला, आणि हा फुटपाथ मागतोय फक्त आपल्या बहिणीसाठी.

"हो," मी म्हटलं. "माझ्या बहिणीसाठीच मागतोय. तुम्ही तुमच्या गाडीसाठी मागताय. मी निदान माणसासाठी मागतोय."

मग मी दिव्यश्री मॅडमना म्हटलं की जिच्यासाठी हे चाललंय ती खाली बसलीय, तिला वर येता येत नाही. तुम्हाला खाली येता येतं. त्यांनी फाइलकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. वाटलं, आता अर्ज द्या म्हणणार. त्या उठल्या.

अक्काला त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, अम्मा, काय त्रास आहे? अक्का म्हणाली, सांगून काय उपयोग, चला. मंटप देवळाच्या जवळच आहे. तिथून आम्ही निघालो. पुढं वॉकर, मागं अक्का, तिच्या मागं मॅडम, त्यांच्या मागं मी आणि वीसेक माणसं तमाशा बघायला.

वॉकरची रुंदी बावीस इंच. मी टेपनं मोजलीय. पहिल्या गाडीपाशी भिंत आणि आरसा यांच्यात अकरा इंच होते. अक्का थांबली. वॉकर उचलला, खाली रस्त्यावर ठेवला, एक पाय उतरवला, थांबली, दुसरा उतरवला. गाडी संपल्यावर परत वर. पुढं गटाराचा दगड हलत होता. परत खाली. मग सामानाचा टेंपो आला आणि मागून हॉर्न देत राहिला. मॅडम घाबरल्या. त्यांनी अक्काचा दंड पकडला.

"मला धरू नका," अक्का म्हणाली. "मी पडले तर तुम्हीही पडाल. नुसतं बघा."

मॅडमनी हात सोडला आणि बघितलं. टेंपोच्या मागं एक गाडी आली, तिच्या मागं दुसरी, सगळे हॉर्न वाजवायला लागले. त्यातली एक सुनावणीतून मधेच उठून निघालेल्या आमच्याच एका सभासदाची. पुढं काय अडलंय ते त्याला चांगलं माहीत होतं. तरी त्याचा हात हॉर्नवरून निघाला नाही.

आमच्या चंदेरी गाडीपाशी पोचलो तेव्हा ती तिथं नव्हती. निहार आमच्या आधी धावत गेला होता आणि त्यानं ती काढली होती. नेणार कुठं होता देव जाणे. मोकळ्या झालेल्या तेवढ्या जागेत अक्का सरळ चालली. सहा पावलं. त्या एकशे दहा मीटरांत तेवढीच पावलं ती मान वर करून चालली.

दुकानाच्या दारात पोचायला एकतीस मिनिटं लागली. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि उभ्या उभ्या फाइलवर लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. त्यांनी पाणी मागितलं, दोन ग्लास प्यायल्या आणि गेल्या.

तीन आठवड्यांनी हुकूम आला. फुटपाथ अडीच मीटर, ठरल्याप्रमाणं. सामान उतरवायला सकाळी दहापर्यंत मुभा. दुकानदारांच्या गाड्यांसाठी चारशे मीटरवर मजल्यांचं पार्किंग बांधतायत, तिथं लावून त्यांनी चालत यावं. शेषगिरींना चारशे मीटर चालावं लागणार हे वाचून मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होऊ नये असा होता.

संघानं मला काढून टाकलं. ठराव एकमतानं झाला. तो लिहायला त्यांना नवा कार्यदर्शी शोधावा लागला, आणि शुद्धलेखनाच्या चुका बघता अजून सापडलेला दिसत नाही. समोरचे दोघे मला बघून मान फिरवतात. निहार बेळ्ळंदूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. फ्लॅटबरोबर दोन गाड्यांची जागा फुकट मिळते म्हणाला. भांडून गेला नाही. जाताना अक्काच्या पाया पडला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. श्यामला अजून माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणते, रस्ता मिळवलात, पोरगा घालवलात.

लोक अभिनंदन करतात तेव्हा माझं डोकं फिरतं. कशाचं अभिनंदन? रस्त्याच्या कडेनं चालता यावं, एवढंच मागितलं होतं. त्यासाठी एका म्हाताऱ्या बाईला वीस माणसांपुढं आपलं मोडलेलं हाड घेऊन चालून दाखवावं लागलं. ज्या गल्लीत अक्का नाही, आणि जिथली मॅडम खाली उतरत नाही, तिथल्या लोकांनी काय करायचं? गाड्यांना कधी कुणी सुनावणीला बोलावून चालवून बघितलंय?

फुटपाथ पुरा झाला त्या सोमवारी अक्का दुकानात आली. देवळापासून नऊ मिनिटांत. आत शिरली नाही. दारापाशी वॉकर टेकून दम घेतला आणि चौकाकडं बघत राहिली. चौकात नवी फरशी संपते. पलीकडं बस स्टॉप आहे, आणि मधे फुटपाथवर एक ट्रान्सफॉर्मर, तीन गाड्या आणि कुणाचा तरी वाळूचा ढीग.

"विशू," ती म्हणाली, "त्या बाईंना फोन लाव. म्हणावं, मला बसनं जायचंय."